मोदकपात्राची चाळणी

विनीत जुन्या टूथब्रशने 'लवू'मधला 'ल' घासत होता. अक्षराच्या खाचेतून पांढरा मेणचट लगदा थोडासा सुटायचा, ब्रशच्या केसांना चिकटायचा आणि पुढच्या फेऱ्यात पुन्हा खाचेत जाऊन बसायचा. मोरीत वाकून वाकून त्याची कंबर धरली होती. बाहेर गॅलरीत जाईकाकींचा आवाज दुसऱ्यांदा आला.

"गो दर्शना, मोदकपात्र काढलंस काय नाय?"

"काढते, काकी," दर्शना दारातून म्हणाली आणि आत वळून नवऱ्याकडे बघत राहिली.

चाळणी पितळेची होती, जेवणाच्या ताटाएवढी, हाताला जड. तिच्या काठावर 'जाईबाई लवू परब' असं नाव कोरलेलं होतं. परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा काकींच्या खोलीत गिरणीतल्या पुरुषांची खानावळ होती, तेव्हाचं हे मोदकपात्र. खानावळ गेली, लवूकाका गेले, पात्र राहिलं, आणि ते एकट्या काकींचं न राहता सगळ्या मजल्याचं झालं. त्याचा एक रिवाज होता. वर्षातले शेवटचे मोदक ज्याच्या घरी उकडले जातील त्याच्या माळ्यावर पात्राने पुढच्या भाद्रपदापर्यंत मुक्काम करायचा. माघी गणपतीला विनीतच्या आईने मोदक केले आणि ती गावाला निघून गेली, म्हणून यंदाचा मुक्काम त्याच्याकडे होता. देताना काकींनी 'नीट ठेवा' म्हणून कधी कोणाला बजावलं नाही. ज्याला बजावावं लागेल अशा माणसाच्या हाती त्या ते देतच नसत.

विनीतचं काम गाड्या पॉलिश करण्याचं. गिरण्यांच्या जागेवर टॉवर उभे राहिले, त्यांच्या तळघरात गाड्या लागतात, आणि त्यांच्या मालकांना गाडीच्या बॉनेटमध्ये स्वतःचं तोंड बघायचं असतं. मशिनला स्पंजचं गोल पॅड लावायचं, त्यावर कंपाउंड घ्यायचं आणि पत्र्यावर फिरवत राहायचं. कंपाउंड म्हणजे पांढरी, बारीक रवाळ पेस्ट. ती पॅडमध्ये सुकून बसली की तेच पॅड पुढच्या गाडीवर ओरखडे काढतं, म्हणून पॅडं रोज धुवायला लागतात. हाताने धुवायची तर बोटं सोलवटतात, आणि मजल्याच्या नळावर धुवायची तर बायकांची तोंडं. "तुझ्या त्या मलईवरून आमचे पाय सरकतात रे," असं शेजारच्या सुचित्राताईंनी एकदा त्याला सुनावलं होतं.

पॅड धुवायचं तयार यंत्र मिळतं. ते बाहेरून येतं, आणि त्याची किंमत बघून विनीतने फोन उलटा करून ठेवला होता. मग त्याने ते घरीच करायला घेतलं. रंगाची रिकामी बादली, भंगारातल्या गाडीचा काच धुवायचा पंप, एक जुनी बॅटरी, चार स्प्रिंगा. बादलीत पाणी, आणि स्प्रिंगांवर बसवलेली भोकाभोकांची थाळी. पॅड लावलेलं मशिन थाळीवर दाबलं की थाळी खाली जाणार, खालचं बटण दाबलं जाणार, पंप भोकांतून पाणी वर उडवणार आणि पॅड फिरता फिरता धुऊन निघणार. कागदावर सगळं बसलं. अडलं ते थाळीपाशी. प्लास्टिकची जाळी पहिल्याच फेऱ्यात वाकली. कुकरची फारच लहान निघाली. पत्र्याला त्याने स्वतः भोकं पाडली, तर त्यांच्या कडांनी पॅडच्या चिंध्या केल्या.

आणखी एक स्प्रिंग मिळते का म्हणून तो माळ्यावर चढला तेव्हा मोदकपात्र हाताला लागलं. चाळणी बादलीत अशी बसली की मापाने करून घेतली असती तरी एवढी नेमकी बसली नसती.

"ही काकींची ना?" दर्शना खाली टॉर्च धरून उभी होती.

"दोन दिवस गं. चालतंय का ते तर बघू दे."

चाललं. एका काळ्या गाडीवर फिरून कोळसा झालेलं पॅड त्याने चाळणीवर दाबलं, बादलीतून खळखळाट झाला, दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, आणि मशिन उचललं तर पॅड नव्यासारखं पिवळं. दर्शना ओल्या तोंडाने हसली. विनीतने सगळीच पॅडं धुऊन काढली, धुतलेली पुन्हा धुतली. आता त्याला दिवसात एक गाडी जास्त होऊ लागली. दोन दिवस संपले, आषाढ संपला, श्रावण उतरणीला लागला. दर्शनाने आठवण केली की तो "हो, स्टीलची करून घेतो" म्हणायचा, आणि त्याचा तो मनापासून बेत असायचा. काम नीट चालायला लागलं की माणसाला दुसऱ्याची वस्तू आपलीच वाटायला लागते.

आणि आज काकींनी पात्र मागितलं होतं. चतुर्थी आठवड्यावर आली होती.

विनीतने चाळणी पुसून उजेडात धरली. पॅड जिथे फिरायचं तिथली कल्हई पार निघून गेली होती आणि आतलं पितळ उघडं पडलं होतं. भोकांच्या कडांना काळं धरलं होतं. त्याने ती पात्रात ठेवली, वर झाकण ठेवलं आणि सगळं दर्शनाच्या हातात दिलं.

"तू दे."

"तुम्ही द्या ना. काय झालं ते तुम्हीच सांगा."

"अगं, मी असा ओला... तू हो पुढे. मी आलोच."

ती पात्र घेऊन बाहेर गेली. विनीत पडद्यामागे उभा राहून टॉवेलने हात पुसू लागला.

पाण्याची वेळ होती. गॅलरीच्या टोकाला नळावर मजल्यावरच्या बायकांची रांग होती, आणि काकी तिथेच स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांना पाणी भरायचं नसायचं, पण नळावर बसल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. त्यांच्या जिभेची धास्ती सगळ्यांनाच होती. त्यांनी झाकण काढलं, चाळणी उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"कल्हय खंय गेली हेची?"

त्यांनी चाळणी दर्शनासमोर धरली.

"चिंचेन घासलंस मां? तारेच्या चोथ्यान?"

"घाटावर मोदक तळतात ना, काकी," सुचित्राताई म्हणाल्या. "कल्हई कशाशी खातात ते तिला बिचारीला काय ठाऊक!"

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. दर्शना बार्शीची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि नव्या सुनेला एवढं हसायचा मजल्याला हक्क होता. दर्शनाने मात्र मान वळवून आपल्या दाराकडे बघितलं. पडदा अर्धाच होता. तिला विनीत दिसला आणि तिने आपल्याला बघितलं हे विनीतला दिसलं. चार पावलं पुढे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. त्याने टॉवेलची घडी घालायला घेतली.

"हो," दर्शना म्हणाली. "माझ्याकडून झालं."

आता काकींच्या जिभेचा पट्टा सुटणार म्हणून बायका वाट बघत राहिल्या. पण काकी नुसत्या "बरां" म्हणाल्या. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला, नवऱ्याच्या नावात घालून फिरवला, टोकावर आलेलं पांढरं जरा नाकाशी नेलं आणि पदराला पुसून टाकलं.

"या वेळी तू नारळच खवायला बस हं, दर्शना," सुचित्राताई हंडा उचलता उचलता म्हणाल्या. "पाऱ्यांचं आम्ही बघू."

हे विनीतला घरातही ऐकू आलं. चतुर्थीच्या सकाळी मजल्याच्या बायका गॅलरीत ओळीने बसून चाळीच्या गणपतीचा नैवेद्य करतात. गेल्या वर्षी दर्शना नवी म्हणून नारळ खवायला बसली होती. यंदा काकींनी तिला मोदकाच्या पाऱ्या करायला बसवायचं कबूल केलं होतं. महिनाभर ती रोज पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा बाजूला काढून त्याला कळ्या पाडत होती, मोडत होती, पुन्हा पाडत होती. आज ती आत आली, ओट्याशी गेली आणि ताटलीखाली झाकलेला तो गोळा तिने पोळीच्या कणकेत मिसळून टाकला. विनीतला इतकी लाज वाटली की पाणी प्यायलाही तो ओट्याकडे गेला नाही.

लाजेवर त्याने उपाय काढला तोही लाज वाटावी असाच. संध्याकाळी तो काकींच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, द्या ते इकडे. मी कल्हई करून आणतो."

काकींनी त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पात्र उचलून त्याच्या हातात दिलं.

सुचित्राताई कपडे काढत होत्या, त्यांनी ऐकलं. रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या मजल्याला कळलं. "बायकोची चूक निस्तरतोय गं बिचारा. एक शब्द बोलला नाही तिला. नवरा असावा तर असा!" सुचित्राताईंच्या नवऱ्याला ते भिंतीपलीकडून तीन वेळा ऐकायला लागलं, त्यामुळे विनीतलाही.

नळबाजारामागे एक म्हातारा कल्हईवाला अजून बसतो. त्याने चाळणी निखाऱ्यांवर धरली तेव्हा भोकाभोकांतून निळसर धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकसारखा वास सुटला. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

"इसमें क्या पकाया था, भाई?"

"मोदक," विनीत म्हणाला.

म्हाताऱ्याने धूर ओसरू दिला. त्याने नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्याने कल्हई फिरवली, आणि चाळणी चांदीसारखी होऊन निघाली. 'लवू परब' ही अक्षरंही लख्ख झाली. विनीत ती घेऊन आला तेव्हा गॅलरीतून त्याचं कौतुक करत त्याला दारापर्यंत पोचवण्यात आलं. कोणीतरी पाठीवर थापही मारली.

दर्शनाने पान वाढलं.

"सुचित्राताई म्हणत होत्या, नशीब काढलंस म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. तिने त्याच्या पानात भात वाढला, त्यावर आमटी घातली आणि आपलं पान घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली.

नंतरचे दिवस विनीतने मनातल्या मनात बोलण्यात घालवले. तळघरात गाडीवर मशिन फिरवताना तो काकींना सगळं सांगून टाकायचा, काकी शिव्या घालायच्या, आणि त्याला बरं वाटायचं. एकदा जिन्यात त्या खरोखरच भेटल्या. बाजारातून येत होत्या, हातात दोन पिशव्या.

"काकी, ती चाळणी..."

"ह्यो धर," काकी म्हणाल्या आणि दोन्ही पिशव्या त्याच्या हातात दिल्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या त्याच्या पुढे गुडघ्यावर हात देत चढत राहिल्या आणि तो मागून पिशव्या घेऊन चालत राहिला. दारात पिशव्या घेताना त्या थांबल्या. तो बोलला असता तर त्यांनी ऐकून घेतलं असतं, एवढा वेळ थांबल्या. विनीत म्हणाला, "नारळ छान आहेत." काकी आत गेल्या.

त्याला शिव्या का बसत नाहीत ते त्याला कळेना. लहानपणी गॅलरीत क्रिकेट खेळताना चेंडू काकींच्या भातात पडला होता, तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता, आणि लगेच त्यालाच बसवून तो भात खायला घातला होता. आता त्या त्याच्याशी गोड बोलत. त्या गोडपणाची त्याला भीती वाटू लागली.

त्यात दर्शना रोज दुपारी काकींकडे जायला लागली. दार लोटलेलं असायचं. परतायची तेव्हा बोटांची टोकं लाल झालेली असायची. मजल्यावर बोलवा झाली की काकी तिच्याकडून खानावळीची जुनी भांडी घासून घेतात, एका चाळणीची सगळी वसुली चालली आहे.

"काय करायला लावतात गं तिथे?" विनीतने एकदा विचारलं.

"काम," दर्शना म्हणाली.

हरितालिकेच्या दिवशी दुपारी लालबागच्या वर्कशॉपमधून त्याची स्टीलची थाळी आली. एवढी सोपी गोष्ट होती. कागदावर काढून दिलं, त्यांनी करून दिली. विनीतने ती बादलीत बसवली, मशिन दाबलं, पाणी उडालं, पॅड पिवळं झालं. यंत्र पहिल्यापेक्षा चांगलं चाललं. ते बघायला शेजारी कोणी टॉर्च धरून उभं नव्हतं. पाणी त्याच्या एकट्याच्या तोंडावर उडालं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना. उद्या सकाळी गॅलरीत बायका बसतील, दर्शना खाली मान घालून नारळ खवत असेल, आणि जाता येता कोणीतरी त्याला म्हणेल की नवरा असावा तर असा. त्याने मशिनचं बटण बंद केलं, चप्पल न घालताच तो बाहेर पडला आणि काकींचं लोटलेलं दार त्याने ढकललं.

आत दर्शना चटईवर बसली होती. घासलेलं भांडं एकही नव्हतं. तिच्यापुढे परातीत उकड होती, गरम, वाफ येत असलेली. ती तेलपाण्याची बोटं लावून पारीला कळ्या पाडत होती. केळीच्या पानावर तिने केलेले मोदक ओळीने मांडलेले होते. कडेचे जरा बसके, पुढचे पुढचे अधिक उभे, शेवटच्याच्या कळ्या इतक्या बारीक की विनीतच्या आईलाही तशा पडल्या नसत्या. समोर काकी पाय पसरून बसल्या होत्या. दर्शनाने मान वर करून त्याला बघितलं आणि पुन्हा पारीकडे बघितलं. बोटं थांबली नाहीत.

"काकी," विनीत म्हणाला. "ती चाळणी मी खराब केली. गाड्यांची पॅडं धुवायला घेतली होती. दर्शनाचा काही संबंध नाही."

"माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या. "माझ्या घोवाच्या नावात काय भरलां होतां ता माका कळाचा नाय? मोटारीचो वास येय होतो."

"तुम्हाला माहीत होतं? दर्शनाने सांगितलं?"

"ती कशाक सांगात? ती अजून तोंडातसून शब्द काढूक नाय. मीच तिका हाक मारलंय. म्हटलंय, ये, बस, कळ्यो शीक."

विनीत उभाच होता. त्याला वाटत होतं की आता शिव्या पडतील आणि हे संपेल.

"चुकलं माझं, काकी."

"माका सांगान काय उपयोग?" काकींनी आवाज चढवला नाही. "तिना खंय आयकल्यान? हंय? चार बायकांत आयकल्यान मां? मग थंय जावन सांग. पाणी इलां हा आता, सगळ्यो असतले."

"उद्या सांगतो. सगळ्या बसल्या की..."

"उद्या ती पाऱ्यो करूक बसतली," काकी म्हणाल्या. "काय ता आज."

विनीतने दर्शनाकडे बघितलं. त्या दिवशी तिने जसं दाराकडे बघितलं होतं तसंच, कोणीतरी सोडवावं म्हणून. दर्शनाने कळ्या जवळ आणून मोदकाचं टोक मिटवलं आणि तो पानावर ठेवला.

गॅलरी त्याला कधी एवढी लांब वाटली नव्हती. नळावर सगळ्या होत्या. उद्याची चतुर्थी म्हणून कळश्या, पिंपं, बादल्या असं सगळंच रांगेत लागलं होतं. सुचित्राताईंचा एक हंडा नळाखाली होता, दुसरा हाताशी.

"काय रे विनीत, आज तू पाण्याला?" सुचित्राताई म्हणाल्या. "बघा गं. नाहीतर आमचे. नळ कुठल्या टोकाला आहे ते तरी सांगतील का विचारा!"

बायका हसल्या. तोही सवयीने हसायला गेला आणि त्याचं तोंड अर्ध्यावर राहिलं.

"ताई, ती कल्हई दर्शनाने घालवली नाही."

"अरे जाऊ दे रे, झालं गेलं..."

"मी घालवली. मी ती चाळणी गाड्यांची पॅडं धुवायच्या बादलीत लावली होती. आषाढापासून. ती मला काढा काढा म्हणत होती." त्याला वाटलं एवढं पुरे. पण काकींचं दार उघडं होतं आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. "आणि त्या दिवशी तुम्ही तिला बोललात तेव्हा मी घरातच होतो. दारातच उभा होतो. मला ऐकू येत होतं."

कोणाच्या हातातली कळशी कठड्याला लागून वाजली. सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि मग एकेक करून त्यांनी बघणं बंद केलं, ते त्याहून वाईट होतं. सुचित्राताईंचा हंडा भरला होता. पाणी काठावरून वाहू लागलं, फरशीवर पसरलं, विनीतच्या अनवाणी पायांपर्यंत आलं. नळ बंद करायचं कोणाला सुचलं नाही. त्यालाही नाही.

दर्शना काकींच्या दारातून आली. हातांना उकड लागली होती म्हणून तिने मनगटाने नळ दाबून बंद केला.

"पाणी वाया चाललंय," ती म्हणाली.

सुचित्राताईंनी भरलेला हंडा घाईघाईने बाजूला ओढला. "दर्शना, अगं, मला खरंच..."

"असू दे, ताई. पुढचा हंडा कोणाचा?"

"माझाच," सुचित्राताई हळू आवाजात म्हणाल्या.

"गो दर्शना!" आतून काकी ओरडल्या, त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. "उकड सुकता हा गो! आणि त्या मेल्याक म्हण, पायपुसण्याक पाय पुसून मगे घरात जा!"

दर्शना परत जायला वळली. विनीतजवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"मला वेळ लागेल," ती म्हणाली. "तेवढं पाणी भरा."

ते त्यांच्या घरचं पाणी की सगळ्यांचं, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. तो वाकला आणि त्याने सुचित्राताईंचा दुसरा हंडा नळाखाली सरकवला. नवरा असावा तर असा, असं या वेळी कोणी म्हणालं नाही.